व्हॅनमधली लेझर बॅटरी दुपारीच उतरते. मोठी घेऊ की लिथियम?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इंग्लंडमध्ये खिडक्या धुण्याचा धंदा सुरू केलाय. २०१८ ची ट्रान्झिट कस्टम, मागे ४०० लिटरची टाकी, १२ व्होल्टचा पंप, नळी गुंडाळणारं इलेक्ट्रिक रीळ आणि ११० एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे किती अँपिअर किती तास मिळतील त्याचं माप) लेझर बॅटरी. सुरुवातीला सगळं झकास चाललं, पण चार महिन्यांतच दुपारी दोनच्या सुमारास पंप मान टाकायला लागला. दुकानदार म्हणतो लिथियम घ्या. दुसरा एक खिडकीवाला म्हणतो आणखी एक ११० जोडून टाक. कोणाचं ऐकावं?

आत्ता तरी दोघांचंही नको. मी लेस्टरमध्ये नऊ वर्षं हेच काम करतोय आणि पहिल्या दीड वर्षात दोन बॅटऱ्यांना मूठमाती दिलीय, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. इथे शिडी न लावता लांब कार्बनच्या पोलने खिडक्या धुतात. पोलच्या टोकाला ब्रश आणि त्यातून येणारं शुद्ध पाणी, म्हणजे क्षार शून्यावर आणलेलं. ते आपोआप वाळतं, काचेवर डाग राहत नाही. टाकीतून शंभर मीटर नळीतून ते पाणी पोलपर्यंत ढकलायचं काम पंपाचं, आणि पंपाला वीज देणारी ही बॅटरी. ‘लेझर’ म्हणजे किरणांचं नव्हे, फुरसतीचं. मुळात कॅरॅव्हॅन घेऊन सुट्टीवर जाणाऱ्यांच्या दिव्या-टीव्हीसाठी असलेली ही बॅटरी. आपल्या नशिबी नाव फुरसतीचं आणि काम आठ तासांचं.

आता हिशेब. तुमची टाकीच साक्ष देईल. पोलवर साधारण मिनिटाला दोन लिटर पाणी पुरतं. ४०० लिटर म्हणजे २०० मिनिटं, सव्वातीन तासांच्या आसपास. टाकी भरलेली असली तरी पंप यापेक्षा जास्त वेळ चालूच शकत नाही! आपले नेहमीचे डायफ्राम पंप या कामात चार-पाच अँपिअर खातात. पाच धरा. सव्वातीन तासांना पाचने गुणा, १६-१७ एएच. रीळ गुंडाळताना १५-२० अँपिअर खेचतं, पण मिनिटभरच. दिवसात वीस वेळा गुंडाळलं तरी सहा-सात एएच. म्हणजे सगळं मिळून २५ एएच सुद्धा होत नाहीत. ११० पैकी पंचवीस. एवढ्यावर भरलेली बॅटरी दुपारी दोनला कशी उतरेल?

नाही उतरणार. म्हणजे ती भरलेलीच नव्हती. तुमची बॅटरी लहान नाही, उपाशी आहे. दुसरी जोडलीत तर दोन उपाशी बॅटऱ्या होतील, आणि नवीही जुन्या दुखणेकऱ्याच्या संगतीने लवकर बसेल.

उपाशी का राहते ते सांगतो, कारण यातच मी फसलो होतो. मी व्हॅन घेतली तेव्हा ज्याने आतलं फिटिंग केलं त्याने स्प्लिट-चार्ज रिले बसवून दिला. गाडीच्या मुख्य बॅटरीचा व्होल्टेज १३.३ च्या आसपास गेला की रिले लागतो आणि ऑल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज करणारं यंत्र) लेझर बॅटरीलाही भरतो. व्होल्टेज १२.८ च्या खाली आला की सुटतो. जुन्या गाड्यांत हे उत्तम चालायचं. पण साधारण २०१५-१६ नंतरच्या, युरो ६ या प्रदूषण-नियमाच्या व्हॅनमध्ये ऑल्टरनेटर ‘शहाणा’ असतो. मुख्य बॅटरी पुरेशी भरली असं वाटलं की डिझेल वाचवायला तो आपला व्होल्टेज साडेबाराच्या आसपास खाली आणतो, आणि ब्रेक दाबला किंवा उतार लागला की पुन्हा वर नेतो. मी सकाळी गाडी सुरू करायचो, रिलेचा हिरवा दिवा लागायचा, मी खूश. तो दिवा पाच-दहा मिनिटांत विझतो हे गाडी चालवताना कोण मागे जाऊन बघणार? दुसरी बॅटरीही मेल्यावर बायकोला गाडी चालवायला लावली आणि मी मागे मल्टिमीटर धरून बसलो. १२.४. म्हणजे अख्खा हिवाळा मी बॅटरीला जेवणाचा वास देऊन परत पाठवत होतो.

तुमच्या व्हॅनमध्ये काय बसवलंय ते आधी पाहा. नुसता रिले असेल तर तो काढून डीसी-टू-डीसी चार्जर बसवा, इथे लोक त्याला बी-टू-बी (बॅटरी-टू-बॅटरी) म्हणतात. ऑल्टरनेटर १२.४ देवो की १५, हा तुमच्या बॅटरीला हवे तेवढे १४.४ करून देतो. ११० एएचच्या लेड-ॲसिड (शिसं आणि ॲसिडच्या, म्हणजे तुमच्यासारख्या नेहमीच्या) बॅटरीला २० अँपिअरचा पुरतो. केबल मात्र जाड घाला, १६ चौरस मिलिमीटरची. पाच मीटर जाऊन-येऊन दहा मीटर होतात. सहा चौरस मिलिमीटरच्या केबलमध्ये २० अँपिअरला अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त वाटेतच जातो, सोळामध्ये पाव व्होल्टही जात नाही. केबलच्या दोन्ही टोकांना, बॅटरीच्या अगदी जवळ, फ्यूज हवाच. पाण्याच्या गाडीत वायरी घासल्या जातात.

पण एवढ्यानेही भागत नाही. आपला धंदा म्हणजे एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत. दिवसभरात गाडी चालते पाऊण तास. २० अँपिअरने पाऊण तासात १५ एएच येतात, गेले होते पंचवीस. शिवाय लेड-ॲसिडची गंमत अशी की पहिले ८० टक्के भराभर भरतात आणि शेवटचे २० टक्के तासन्‌तास रखडत भरतात. ते शेवटचे वीस भरलेच नाहीत की प्लेटांवरचं लेड सल्फेट हळूहळू कडक खडे धरतं आणि तेवढी जागा कायमची गेली. म्हणून घरच्या विजेवरचा चार्जर लागतोच. ११० एएचला १० अँपिअरचा, बॅटरीचा प्रकार निवडता येणारा. शक्य तर रोज रात्री, नाहीतर आठवड्यातून दोनदा तरी पूर्ण रात्रभर. ‘आज थोडीच वापरली’ म्हणून टाळू नका.

माझं घर सलग चाळीसारख्या ओळीतलं, गाडी रस्त्यावर. फुटपाथवरून एक्स्टेंशन केबल टाकायची म्हणजे कोणीतरी अडखळून पडणार. मी मोठे प्लग लावून घेतले, बॅटरी सोडवून मागच्या शेडमध्ये नेतो. पंचवीस किलो उचलणं हाही व्यायामच. छतावरच्या सोलर पॅनेलचा सल्ला कोणी देईल. उन्हाळ्यात उपयोग होतो, पण इथल्या डिसेंबरात आडव्या पॅनेलला ऊन मिळतं ते औषधापुरतं, आणि वर पोल बांधलेले असले की तेही नाही.

व्होल्टेज बघायची सवय लावा. चार्जर काढल्यावर लगेच बघू नका, १३ च्या वर दिसेल आणि ती फसवी शोभा असते. चार-पाच तास सोडून बघा. लेड-ॲसिड १२.७ म्हणजे पूर्ण, १२.२ म्हणजे अर्धी. अर्ध्याच्या खाली नेऊ नका. आणि कंट्रोलर (पंपाचा वेग सांभाळणारी पेटी) बंद पडेपर्यंत काम ओढणं तर मुळीच नको. माझ्या कंट्रोलरचा कट-ऑफ १०.५ ला ठेवलेला आला होता. पंप चालू असताना १०.५ म्हणजे बॅटरी पूर्ण रिकामी. तो कट-ऑफ पंपाचं रक्षण करतो असं समजा, बॅटरीचं नाही. मी तो ११.८ ला नेला. आणखी नेमकं हवं असेल तर शंट (करंट मोजणारा तुकडा) बसवा, किती एएच गेले-आले ते मोबाइलवर दिसतं. चैन आहे, पण मला आवडते.

आता निवडीकडे. नवी घ्यायची वेळ आलीच तर आधी वजन बघा. बाजारात कित्येक ‘लेझर’ बॅटऱ्या म्हणजे गाडी सुरू करायच्या बॅटरीवर चिकटवलेलं नवं लेबल असतं. स्टार्टरच्या बॅटरीत प्लेटा पातळ आणि पुष्कळ, कारण तिला दोन सेकंद प्रचंड करंट द्यायचा असतो. आपल्याला हव्यात जाड प्लेटा. शिसं कमी घालून क्षमता वाढत नाही, त्यामुळे ११० एएच लिहिलेली बॅटरी १८ किलोची निघाली तर तशीच परत ठेवा. एएचच्या शेजारी सी-२० लिहिलंय का तेही बघा. ११० एएच सी-२० म्हणजे साडेपाच अँपिअरने वीस तास. सी-१०० चा आकडा फुगीर दिसतो, त्याची तुलना सी-२० शी करू नका. इथल्या नॅशनल कॅरॅव्हॅन कौन्सिलने तपासलेल्या बॅटऱ्यांना ए, बी, सी असे वर्ग दिलेले असतात. आपल्याला ए वर्ग जुळतो.

पाणी घालायची साधी की बंद एजीएम (लेड-ॲसिडच, पण ॲसिड काचतंतूंच्या चटईत शोषलेलं)? एजीएम आडवी झाली तरी गळत नाही, वायू जवळजवळ सोडत नाही, जरा लवकर भरते. बंद व्हॅनमध्ये ठेवायला मी तीच घेईन. साधी बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, तिची नळी गाडीबाहेर काढावी लागते. पण साधीचा एक फायदा तिला जपणाऱ्यालाच कळतो. आमच्या मिरजेच्या घरी इन्व्हर्टरची भलीमोठी ट्युब्युलर बॅटरी होती. लोडशेडिंगच्या काळात वडील दर महिन्याच्या पहिल्या तारखेला तिचे तरंगते दांडे बघायचे, बॅटरीचं पाणी घालायचे, टर्मिनलला व्हॅसलीन लावायचे. ती सात वर्षं चालली. बॅटरीचं पाणी तेव्हा दुकानातून कॅनने यायचं. इथे आपल्या टाकीत ४०० लिटर तेच आहे! क्षार मोजणाऱ्या मीटरवर ००० दाखवणारं, रेझिनमधून (क्षार शोषणाऱ्या दाण्यांतून) आलेलं पाणी बॅटरीला बिनधास्त चालतं. मीटर पाच-सहा दाखवत असेल तर रेझिन बदला, ते पाणी काचेलाही नको आणि बॅटरीलाही. घालायचं ते चार्जिंग झाल्यावर, प्लेटा उघड्या पडल्या असतील तरच आधी थोडं. ॲसिड कधीही घालू नका.

लिथियमबद्दल माझं मत. वस्तू उत्तम आहे. लिथियम आयर्न फॉस्फेटची १०० एएच बॅटरी बारा-तेरा किलोची, ८० टक्के वापरली तरी चालते, हजारो वेळा भरता येते, आणि अर्धवट भरलेली राहिली तर तिला काही होत नाही. आपल्या धंद्याला हा शेवटचा गुण सोन्यासारखा. वजन वाचतं म्हणून घ्या असं म्हणणाऱ्याचं मात्र ऐकू नका. मागे ४०० किलो पाणी वाहणाऱ्याने बारा किलोंचं कौतुक किती करायचं? खरी अडचण थंडीची. शून्याखाली हिला चार्ज करता येत नाही, केलं तर आतून कायमची खराब होते. चांगल्या बॅटरीतला बीएमएस (आतला राखणदार सर्किट) अशा वेळी चार्जिंग तोडतो. म्हणजे जानेवारीच्या रात्री गाडीत चार्जर लावून झोपलात, सकाळी काच खरवडून निघालात, आणि बॅटरी कालच्या इतकीच. हीटर असलेली घ्या किंवा घरात आणून भरा. ऑल्टरनेटर थेट जोडू नका, ही एवढा करंट खेचते की तो तापतो. चार्जरला लिथियमचा पर्याय हवा, कारण लेड-ॲसिडची दुरुस्तीवाली जादा व्होल्टेजची पायरी हिला चालत नाही. म्हणजे इथेही आधी तोच डीसी-टू-डीसी लागणारच. तो बसवा, वर्षभर धंदा बघा, मग लिथियमचा विचार करा.

थंडीवरून आठवलं. पंप गोठू नये म्हणून काही जण रात्री व्हॅनमध्ये हीटर ठेवतात. तो घरच्या विजेवरच. इन्व्हर्टर लावून ५०० वॅटचा हीटर बॅटरीवर चालवला तर ४० अँपिअरच्या वर जातात, दीड तासाच्या आतच बॅटरी अर्ध्यावर. आणि उतरलेली लेड-ॲसिड बॅटरी उणे सात-आठ अंशांत गोठू शकते, भरलेली इथल्या थंडीला भीक घालत नाही.

विजेचा खर्च कमी करायची एक युक्ती नळीत आहे. सहा मिलिमीटरच्या बारीक नळीतून शंभर मीटर पाणी ढकलायला पंपाला जास्त दाब लागतो, दाब वाढला की अँपिअर वाढतात. आठ मिलिमीटरची घेतल्यावर माझा पंप स्पष्टपणे हलका चालू लागला. ब्रशची जेट चोंदलेली असली तरी तोच त्रास.

आणि आपल्या लोकांसाठी खास: जानेवारीत चार आठवडे गावी जाताना बॅटरी तशीच टाकून जाऊ नका. पूर्ण भरा आणि निगेटिव्ह काढून ठेवा, नाहीतर कंट्रोलरचा छोटा दिवासुद्धा महिनाभरात बरंच पिऊन टाकतो.

तुमच्या जुन्या बॅटरीचा निकाल लावायचा असेल तर शुक्रवारी रात्रीपासून चोवीस तास चार्जरवर ठेवा. काढा, रविवारी सकाळी व्होल्टेज लिहून घ्या. सोमवारी नेहमीसारखं काम करा आणि संध्याकाळी पंप बंद करून तासाभराने पुन्हा लिहा. सकाळी १२.६ च्या वर आणि संध्याकाळी १२.३-१२.४ असेल तर बॅटरी अजून धडधाकट आहे, सगळे पैसे चार्जरवर घाला. रविवारी सकाळीच १२.४ च्या खाली आली तर ती गेली. भंगारवाल्याकडे द्या, शिशाचे थोडेफार पौंड सुटतील, पण खात्यावर. इथे २०१३ च्या कायद्यानंतर भंगाराचे रोख पैसे देत नाहीत. ते दोन आकडे आणि गाडीत रिले आहे की बी-टू-बी, एवढं खाली लिहा, मग केबल कुठून न्यायची ते सांगतो.