मॅच विकली, आवाज राहिला

पत्र:

"मावशी, २०१२ ते २०१४ मी अमेरिकेत अलाबामातल्या ऑबर्न युनिव्हर्सिटीत एमएस करत होतो. तिथल्या फुटबॉल टीमचा २०१३ चा सीझन अजून डोक्यातून जात नाही. त्यातली अलाबामा युनिव्हर्सिटीविरुद्धची मॅच, जिला सगळे 'किक सिक्स' म्हणतात, ती मी स्टेडियममध्ये बसून बघितली असं मी सगळ्यांना सांगत आलोय. बायकोला, ऑफिसात, सासुरवाडीला. खरं म्हणजे माझं तिकीट मी वर्गातल्या एकाला विकलं होतं, डिसेंबरात बहिणीचं लग्न होतं आणि विमानाच्या तिकिटाला पैसे कमी पडत होते. मॅच रूमवर टीव्हीवर बघितली. स्टेडियम जवळच, त्यामुळे आरडाओरडा आधी ऐकू यायचा आणि टीव्हीवर नंतर दिसायचं, असो. आता माझ्या तिसरीतल्या मुलाने 'माझे बाबा' निबंधात लिहिलंय की बाबा त्या मैदानात होते. आणि दिवाळीत माझा तेव्हाचा रूममेट राहायला येतोय, जो त्या दिवशी माझ्या शेजारी सोफ्यावर होता. त्याला आधीच फोन करून सांभाळून घे म्हणू का? आणि एका कॉलेज टीमचा सीझन इतकी वर्षं उराशी धरून बसणं बालिश आहे का?
– वाकडचा वॉर ईगल"

अरे वॉर ईगल,

(बाकीच्यांसाठी: ऑबर्नवाले एकमेकांना भेटले की 'वॉर ईगल' म्हणतात, आपल्याकडे रामराम म्हणतात तसं. आणि हा फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा नाही, ते हेल्मेट घालून एकमेकांवर आदळतात तो.)

रूममेटला सांभाळून घे म्हणू नकोस. तो दिवाळीत चार दिवस राहणार, फराळ होणार, रात्री गप्पा रंगणार, आणि अशा वेळी माणसाच्या तोंडून काय निसटेल याची गॅरंटी कोण देणार? वर तो तुझ्या मुलासमोर खोटं बोलणार ते तुझ्यासाठी. कशाला त्याला त्यात ओढायचं.

तुझं पत्र वाचून मी ती मॅच शोधून बघितली. मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नाही, भाच्याला शेजारी बसवून समजून घेतलं. ३० नोव्हेंबर २०१३, स्कोअर २८-२८, अलाबामा नंबर एकची टीम, आधीची दोन्ही वर्षं चॅम्पियन. वेळ संपलीच होती पण त्यांच्या कोचने हट्ट करून एक सेकंद परत मिळवला, आणि त्या एका सेकंदात ५७ यार्डांवरून किक मारायला लावली, खांबांमधून गेली की मॅच त्यांची. किक पडली आखूड. आता गंमत अशी की आखूड पडलेला बॉल मैदानातच झेलला तर घेऊन पळता येतं, आणि तिथे ख्रिस डेव्हिस खांबाखाली वाट बघत उभाच होता. तो जो पळाला तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सगळं मैदान, आणि अलाबामाचे मैदानात होते ते जाडजूड गडी, त्यांच्याच्याने काही तो धरवेना. टोकाला पोचलं की सहा गुण, ३४-२८. मी घरात एकटीच ओरडले, भाचा नुसता हसत होता.

हे सगळं बघून झाल्यावर मी तुझं पत्र परत वाचलं, आणि तू जे 'असो' म्हणून उडवून लावलंयस ना तिथे अडकले. आवाज आधी यायचा आणि चित्र नंतर! अरे म्हणजे त्या शेवटच्या सेकंदाला तुमच्या टीव्हीवर अजून किकच व्हायची होती आणि खिडकीतून सत्याऐंशी हजार लोकांचा आवाज आत आला? तुम्हाला वाटलं असणार किक हुकली, चला, मॅच जादा वेळेत जाते. पण तो आवाज थांबतच नसणार. आणि मग टीव्हीवर तो माणूस पळताना दिसला. म्हणजे काय झालं ते कळायच्या आधी काहीतरी भयंकर चांगलं झालंय एवढंच तुम्हाला कळलेलं होतं, आणि ते काय ते शोधत तुम्ही दोघं स्क्रीनकडे बघत बसलात. हे स्टेडियममधल्या एकाच्याही वाट्याला आलं नाही रे. ही गोष्ट तुझ्याकडे आहे आणि तू दुसऱ्याची गोष्ट सांगत फिरतोयस.

तसा या पापात तू एकटा नाहीस. २ एप्रिल २०११ ला मी वानखेडेवर होतो असं सांगणारे सगळे खरंच आत गेले असते तर मरीन ड्राइव्हपर्यंत खुर्च्या मांडाव्या लागल्या असत्या. पण ती फुशारकी मित्रांत खपते, पोराच्या निबंधात नाही खपत.

तर रूममेट यायच्या आधी, एखाद्या रविवारी, आधी बायकोला सांग, एकटीला. ती बहुतेक हसेल आणि मग थोडी चिडेल, तिच्या माहेरी सांगितलंयस म्हणून. मग मुलाला. त्याला 'बाबा खोटं बोलले' असं रडक्या तोंडाने सांगत बसू नकोस, सरळ सांग की मी आत नव्हतो, आत्याच्या लग्नाला यायचं होतं म्हणून तिकीट विकलं, आणि मग त्याला तो आवाजाचा प्रकार सांग. क्लिप लाव, आवाज बंद कर आणि गर्जना तू काढून दाखव. निबंध दुरुस्त करायचा का ते त्याचं त्याला ठरवू दे. आणि रूममेट आला की दोघांनी मिळून परत सांगा, तुमचं एकमेकांशी पटणार नाही, तो म्हणेल मी आधी उठलो, तू म्हणशील मी, ते ऐकायला पोराला खरी मजा येईल.

बहिणीला माहितीये का हे? मला वाटतं नाही. तिलाही सांग. आपल्या लग्नासाठी भावाने काय विकलं हे तिला इतक्या वर्षांनी का होईना कळू दे, पुढची प्रत्येक भाऊबीज त्यावर निघेल.

आता बालिश आहे का. नाही. तू तिथे पोचलास त्या २०१२ च्या सीझनला ती टीम १२ पैकी ३ मॅच जिंकली होती, अलाबामाकडून ४९-० मार खाल्ला होता. नवीन देश, नवीन गाव, आणि ज्या टीमसाठी सगळं गाव रंगीत कपडे घालून बाहेर पडतं ती टीम हरतेय. आणि पुढच्याच वर्षी हे. शिवाय किक सिक्सच्या दोन आठवडे आधीची जॉर्जियाविरुद्धची मॅच बघ ना, ४३-३८, शेवटची २५ सेकंदं, तुमच्या मार्शलचा तो लांब पास एका जॉर्जियावाल्याच्या हाताला लागून उडाला आणि पळत असलेल्या तुमच्याच रिकार्डो लुईसच्या हातात पडला, ७३ यार्ड! तिला तू होतास का? असशील तर घरात ती सांग ना खुशाल, किक सिक्सच्या नादात तिला कोणी विचारत नाही. आणि जिंकल्यावर गावातल्या टूमर्स कॉर्नर या चौकात झाडांवर टॉयलेट पेपर उडवायची त्यांची पद्धत, ती ओकची झाडं विष घातल्यामुळे त्याच वर्षी एप्रिलमध्ये कापलेली होती, म्हणून पोरांनी मग तारांवर पेपर उडवले. त्या गर्दीत तू होतास असणार, टीव्ही बंद करून धावलाच असशील. तेही सांग, त्यात काही लपवायचं नाहीये.

फक्त एक, ६ जानेवारी २०१४ ची फायनल मुलाला एवढ्यात दाखवू नकोस. २१-३ ने पुढे होतात आणि १३ सेकंद राहिली असताना फ्लोरिडा स्टेटने घेतली, ३४-३१. तिसरीतल्या पोराला झोप लागायची नाही. पाचवीत गेला की बघू.

– मावशी