नागपूरहून कंपनीच्या कामासाठी पहिल्यांदाच ऑस्ट्रेलियाला जातोय. जेट लॅग टाळायला काय करावं, आणि उतरल्या दिवशीच कामाला लागता येतं का?

प्रश्नाखाली तुम्ही सहज एक ओळ टाकली आहे: "ऑफिसातले सिनिअर म्हणतात, विमानात जे कार्ड देतात त्यावर सगळीकडे 'नो' लिहायचं, म्हणजे कोणी अडवत नाही. खरं आहे का?" मी उत्तर लिहायला बसलो ते या ओळीसाठी. खरं नाही. असा सल्ला देणाऱ्यांशी माझं जुनं भांडण आहे, आणि ते इथे निघणारच.

आधी जेट लॅगचं सांगून टाकतो. मी उतरलो ते ब्रिस्बेनला, क्वीन्सलँड राज्यात. ते आपल्यापेक्षा साडेचार तास पुढे आहे. तिथे सकाळचे सात वाजतात तेव्हा तुमच्या शरीराच्या हिशेबाने रात्रीचे अडीच झालेले असतात. उतरलात की उन्हात चाला. दुपारी अर्ध्या तासावर झोपू नका आणि रात्री तिथल्या घड्याळाने आडवे व्हा. दोन दिवसांत गाडी रुळावर येते. अमेरिकेला जाणाऱ्यांचे जे हाल होतात, ते इथे होत नाहीत. उतरल्या दिवशी काम? मुळीच नाही. मालकाला सांगून एक दिवस आधीचं तिकीट काढा. खाणीवर जाणार असाल तर क्वीन्सलँडमध्ये थकवा हा सुरक्षेचा विषय धरतात. दारूच्या फुंक-चाचणीइतकाच तो गंभीर मानतात. उतरल्या दिवशी गाडी तर अजिबात चालवू नका. रस्त्याची बाजू आपलीच आहे म्हणून माणूस गाफील राहतो आणि संध्याकाळी कांगारू आडवं येतं.

आता त्या कार्डाचं, म्हणजे सोबत काय आणलंय ते उतरण्याआधी लिहून द्यायच्या फॉर्मचं.

2017 चा नोव्हेंबर. मी हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात आहे, आम्ही खाणीच्या कन्व्हेअर बेल्टचे रोलर बनवतो. क्वीन्सलँडमध्ये एमराल्ड नावाचं गाव आहे, बोवेन बेसिनच्या कोळसापट्ट्यात. तिथल्या एका खाणीला आमचे नमुने दाखवायचे होते. मी आणि आमचे साहेब, दोघंच. नागपूर–मुंबई, मुंबई–सिंगापूर, सिंगापूर–ब्रिस्बेन आणि तिथून छोट्या विमानाने एमराल्ड. माझा पहिलाच परदेश प्रवास.

निघायच्या तीन दिवस आधी, रविवारी, मी काटोलकडे आमच्या वाडीत गेलो होतो. तीन एकर संत्रा, सव्वातीनशे झाडं. आंबिया बहाराची फळं रंगावर आली होती आणि व्यापारी सौद्याला येणार होता, म्हणून बाबांनी बोलावलं होतं. रात्री पाणी सोडलेलं, खाली चिखल. माझ्या पायात कारखान्याचे सेफ्टी शूज होते. तेच शूज मंगळवारी वरून फडक्याने पुसून मी बॅगेत भरले, कारण खाणीवर लागणार होते. तळाकडे पाहिलंसुद्धा नाही.

ब्रिस्बेनच्या अलीकडे विमानात ते कार्ड आलं. त्यावर विचारलेलं असतं: खायचे पदार्थ आहेत का? माती, किंवा माती लागलेल्या वस्तू, बूट वगैरे आहेत का? गेल्या 30 दिवसांत शेतात किंवा शेतातल्या जनावरांजवळ गेला होता का? मी तिथेच थांबलो. वाडीत गेलो होतो, गोठ्यात दोन बैल आहेत, रविवारी त्यांच्या पाठीवर हात फिरवून निघालो होतो. मी माती आणि शेत, दोन्हीकडे 'येस'वर खूण केली. साहेबांनी वाकून पाहिलं.

"अबे, काहून येस मारून राहिला? सगळीकडे नो मार अन् चल. कोण पाहून राहिलं तिथं?"

मी म्हटलं, "साहेब, जाऊन आलोय ना पण."

साहेबांच्या बॅगेत संत्रा बर्फीचे दोन डबे होते, गिऱ्हाइकाला द्यायला. त्यांच्या कार्डावर वरपासून खालपर्यंत 'नो'.

इमिग्रेशनला दोघंही दोन मिनिटांत सुटलो. नंतर कार्ड पाहणाऱ्याने माझ्या कार्डावर पेनाने खूण केली आणि मला वेगळ्या रांगेत पाठवलं. साहेब सरळ बाहेर. माझ्या टेबलावर साधारण माझ्या आत्याच्या वयाच्या एक बाई होत्या. त्यांनी आधी, खरं सांगितलंत म्हणून आभार मानले. मग शूज मागितले. उलटे धरले आणि टोकदार आकड्याने तळाच्या खाचा कोरायला लागल्या. पांढऱ्या ट्रेमध्ये काळ्या मातीचे तुकडे टपटप पडले. टाचेजवळच्या खाचेतून त्यांनी चिमट्याने काहीतरी ओढून काढलं. घडी पडलेला, अर्धा वाळलेला पानाचा तुकडा होता, नखाएवढा.

"सिट्रस?"

मी म्हटलं, हो, आमच्या संत्र्याच्या बागेतलं.

बाईंनी शेजारच्या माणसाला बोलावलं. दोघांनी तो तुकडा उजेडात धरून पाहिला, प्लास्टिकच्या पिशवीत टाकला आणि पिशवी बंद केली. शूज आत नेले. परत आले तेव्हा ते धुतलेले, निथळणारे, औषधाच्या वासाचे होते. दंड नाही, धमकी नाही, आवाज चढवणं नाही. फक्त 50 मिनिटं गेली. ब्रिस्बेनला देशांतर्गत विमानांचं टर्मिनल वेगळं, दूर आहे. आमचं एमराल्डचं विमान गेलं आणि पुढचं दुपारी होतं.

साहेब तिथे जे बोलले ते इथे लिहीत नाही. पण "याच्या चिखलापायी विमान चुकलं" हे वाक्य मी पुढची चार वर्षं ऐकलं. कँटीनमध्ये, नव्या पोरांसमोर, एकदा तर माझ्या इन्क्रिमेंटच्या बैठकीत. "मी नो लिहिलं, काही झालं का? दोन डबे बर्फी घेऊन गेलो." खरंच काही झालं नाही. त्यांना कोणी अडवलं नाही, आणि म्हणूनच ते स्वतःला बरोबर समजत राहिले.

दुसऱ्या दिवशी खाणीच्या स्टोअरमध्ये आम्ही रोलर उघडत होतो. स्टोअरचा माणूस साठीकडे झुकलेला. कुठून आलात, विचारलं. मी म्हटलं, नागपूर, आमच्याकडे संत्रा होतो. तो थोडा थांबला आणि म्हणाला, आमच्याकडेही होता.

एमराल्डला कोळशाइतकीच लिंबूवर्गीय फळांचीही ओळख. 2004 मध्ये तिथल्या बागेत सिट्रस कँकर हा लिंबूवर्गीय झाडांचा रोग सापडला. आपल्याकडे लिंबावर खैऱ्या पडतो, तोच जिवाणू. आपण कॉपरची फवारणी करतो, छाटणी करतो आणि त्याच्यासोबत जगतो. त्यांच्या देशात तो नव्हता आणि त्यांना तो नकोच होता. म्हणून त्या भागातली लिंबूवर्गातली झाडं सरसकट काढली. जवळपास 5 लाख. रोग असलेलीही आणि चांगलीही. बागांतलीच नाही, घरांच्या परसातलीसुद्धा. 2009 मध्ये कँकर संपल्याचं जाहीर झालं. त्या माणसाच्या आईच्या अंगणात एक लिंबाचं झाड होतं. त्याने छातीच्या वर हात धरून उंची दाखवली, इतकं होतं म्हणाला, आणि पुन्हा बोल्ट मोजायला लागला.

आमची सव्वातीनशे झाडं मी लहानपणापासून पाहतोय. कोळशीने बाग काळी पडलेली पाहिली आहे, डिंक्याने वाळलेली झाडं बाबांसोबत उपटली आहेत. एकेक झाड जाताना बाबांचं तोंड कसं होतं ते मला माहीत आहे. तिथे उभं राहून माझ्या डोळ्यासमोर तो पिशवीतला पानाचा तुकडा येत होता. मी 'नो' लिहून सरळ बाहेर पडलो असतो, तर तो माझ्या टाचेखाली याच गावात उतरला असता.

घरी आल्यावर बाबांना सांगितलं. त्यांनी एकच विचारलं: "पानावर ठिपका होता का रे?" मला सांगता आलं नाही. पिशवी बंद झाली होती.

साहेबांना मी हे सगळं सांगितलं होतं. ते म्हणाले, "एका पानानं काय होते बे." हेच साहेब आमचे रोलर ज्या लाकडी पेटीत जातात, तिच्यावर आयएसपीएम 15 चा शिक्का आहे की नाही हे चार-चार वेळा तपासायचे. लाकूड आतपर्यंत 56 अंशांवर 30 मिनिटं तापवलं की तो शिक्का मिळतो, लाकडातली कीड परदेशी जाऊ नये म्हणून. पेटी अडकली तर पैसे अडकतात, म्हणून पेटीचा नियम खरा. बुटाचा आणि बर्फीचा नियम म्हणजे मूर्खांचं काम! हे मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. साहेब आता निवृत्त झाले आहेत. हे उत्तर त्यांनी वाचलं तरी माझी हरकत नाही.

गुराढोरांच्या लाळ्या-खुरकुत रोगाचंही तसंच. तो आपल्या गोठ्यांत नेहमीचा आहे, ऑस्ट्रेलियात 1872 नंतर झालेला नाही. म्हणून ते शेताचं आणि जनावरांचं विचारतात. गावी जाऊन आला असाल तर 'येस' लिहा. येस लिहिल्याने व्हिसा जात नाही. खोटं लिहून पकडले गेलात तर शेकडो, कधी हजारो डॉलरचा दंड होतो आणि प्रकरण मोठं असेल तर व्हिसाही रद्द होऊ शकतो.

थोडं माझ्याविरुद्धही लिहायला हवं. एमराल्डचा कँकर कोणाच्या बुटातून आला असा माझा दावा नाही. विमान चुकलं ते माझ्यामुळेच, कारण बूट धुवायचं काम माझं होतं. त्याबद्दल मी साहेबांची माफी तेव्हाच मागितली होती. प्रत्येकाला 50 मिनिटं लागतात असंही नाही. नुसती चिवड्याची पुडी दाखवणारे माझ्या पुढून पाच मिनिटांत निघाले.

राहिलेलं पटकन. संत्रा बर्फी, पेढे, सोनपापडी, दुधाची कोणतीच मिठाई नेऊ नका, आता चालत नाही. ताजी संत्री तर नाहीच. गिऱ्हाइकाला काही द्यायचं असेल तर कापडाचं द्या. औषधं मूळ पाकिटात आणि डॉक्टरची चिठ्ठी इंग्रजीत. व्हिसा नीट बघा: बैठका आणि बोलणी करायची असतील तर 600 क्रमांकाच्या प्रकारातला बिझनेस व्हिजिटर व्हिसा पुरतो, पण मशीन बसवायचं किंवा दुरुस्त करायचं असेल तर ते काम धरतात, त्याला बहुधा 400 क्रमांकाचा व्हिसा लागतो. कंपनी "तेवढं चालतं" म्हणाली तर लेखी मागा. ब्रिस्बेनहून पुढचं विमान असेल तर मध्ये निदान चार तास ठेवा.

आणि बूट निघायच्या चार दिवस आधी धुवा. ब्रश आणि साबणाने, तळाची एकेक खाच काडीने कोरून. सेफ्टी शूज आतून वाळायला आपल्या उन्हातही दोन दिवस लागतात. एकदा धुतले की बॅग भरेपर्यंत ते घालून गावी जाऊ नका.