स्थायी नव्हे, स्थिर. आणि घोड्याचं ठाण

कसबा बावड्यातल्या एका विद्यार्थिनीनं विचारलंय: सॉफ्टवेअरच्या 'स्टेबल व्हर्जन'ला स्थायी आवृत्ती म्हणायचं की स्थिर? आणि 'डेव्हलपमेंट व्हर्जन'ला काय?

स्थिर. स्थायी म्हणजे कायमची. महापालिकेची समिती स्थायी असते. सॉफ्टवेअरची आज चांगली चाललेली आवृत्तीही उद्या बदलतेच. तरी स्थायी, स्थायी चालूच! परवा उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमध्ये मशीनच्या पडद्यावरचं 2.10 दाखवून कारागीर म्हणाला, "ही स्थायी आहे, पण जुनी. 2.9 हिच्यापेक्षा मोठी की!" एका दमात दोन चुका. ते टिंब दशांश चिन्ह नाही, दोन आकडे वेगळे ठेवायची खूण आहे. 'दोन टिंब दहा' असंच वाचा. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा म्हणजे तिचं कर्नल; त्याची 2.6.10 ही 2.6.9 च्या नंतरच आली. त्या कर्नलची आधीची रीत तर फार देखणी: दुसरा आकडा सम असेल तर स्थिर, विषम असेल तर घडणीतली, म्हणजे डेव्हलपमेंट व्हर्जन. 2.4 कामाला, 2.5 प्रयोगाला. 2003 साली 2.6 आली आणि पुढं ही रीत सुटली.

काही पंडित बजावतात की आवृत्ती म्हणजे नुसती पुनरावृत्ती, म्हणून 'संस्करण' म्हणा. साफ चूक. आवृत्तीत 'वृत्' धातू आहे, वळणं. व्हर्जनच्या पोटात लॅटिन 'वेर्तेरे' आहे, वळवणं. दोन्हींचं मूळ एकच! 'वर्त्मन्'वरून आलेली आपली पायाखालची वाट याच घरातली, आणि 'वर्ति'वरून आलेली समईतली वातसुद्धा. आजी वात वळते तेव्हा कापूस तोच असतो, पीळ नवा पडतो. आवृत्ती अशीच होते. हे हिंदीतून उचललेल्या संस्करणात कुठं आहे?

स्थिर आणि स्टेबल यांचंही मूळ एकच, उभं राहणं: इकडं 'स्था', तिकडं 'स्तारे'. म्हणजे स्थिर आवृत्ती आणि स्टेबल व्हर्जन, शब्दाला शब्द चुलत भावंडं. इंग्रजीत घोड्याच्या तबेल्यालाही स्टेबलच म्हणतात, मूळ तेच. आणि आपल्याकडं घोडा बांधायची जागा ती ठाण, 'स्थान'वरून आलेली! म्हणून माझं ठाम मत आहे की 'ठाणावरची आवृत्ती' हा शब्द रुळवावा. कधीही जा, घोडा जागेवर, खोगीर चढवा आणि निघा. घडणीतली आवृत्ती म्हणजे शिंगरू. अंगात वारं भरलेलं, पण त्याच्यावर ओझं लादून बाजार गाठायचा नसतो.

तिला 'घडणीतली'च म्हणावं. 'विकसनशील' नको, तो शब्द देशांना लागतो.