ट्रेलरच्या हिचची लॉक पिन घेताना

अरे, हिच म्हणजे ट्रेलर ओढायचा जोड, तो गाडीला कुलपाने अडकवणारी ही पिन नुसती चकचकीत दिसते म्हणून घेऊ नकोस, क्रोम प्लेटिंगला एकदा ओरखडा पडला की तिथूनच गंज आत शिरतो आणि मग ती पिन रिसीव्हरमध्ये (गाडीच्या मागची चौकोनी नळी, जिच्यात हिच बसतो) अशी धरून बसते की हातोडीने ठोकून काढावी लागते, माझी तशीच अडकली होती. स्टेनलेसचीच घे, आणि समुद्राजवळ किंवा बोटीच्या ट्रेलरला वापरणार असशील तर ३१६ ग्रेड, ३०४ पेक्षा ती मिठाला जास्त टिकते. आधी रिसीव्हरचं पिनचं भोक मोज हं, २ इंची रिसीव्हरला बहुतेक ५/८ इंच जाडीची पिन लागते. किल्लीच्या भोकावर रबरी टोपी हवीच, चिखल पाणी आधी तिथेच जातं. कुलपात तेल नको, धूळ चिकटते, ग्रॅफाइट पावडर टाक.