अभियांत्रिकीतल्या संशोधनाला नव्याने लागताय? आधी एवढंच करा

विभागाच्या नावावरून प्रयोगशाळा निवडू नका. उष्णतेचं वहन यंत्र-अभियांत्रिकीत इंजिनासाठी अभ्यासतात, रसायनमध्ये रिअ‍ॅक्टरसाठी, म्हणजे रासायनिक क्रिया घडवायच्या पात्रासाठी, आणि इलेक्ट्रॉनिक्समध्ये चिप थंड ठेवण्यासाठी. समीकरणं बहुतेक तीच. म्हणून तीन संशोधन गट निवडा, प्रत्येकाचे अलीकडचे दोन शोधनिबंध वाचा. क्रम असा: सारांश, आकृत्या, निष्कर्ष; पद्धतीचा भाग शेवटी. पहिल्या वाचनात निम्मं कळलं तरी पुष्कळ झालं.

मग प्राध्यापकांना पाच-सहा ओळींचं पत्र लिहा: काय वाचलं, कोणता प्रश्न पडला, आठवड्याला किती तास देऊ शकता. 'मला सगळ्यातच रस आहे' असं लिहिलेलं पत्र बाजूला पडतं.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- मोजमापाची मर्यादा न पाहणं. साध्या के प्रकारच्या थर्मोकपलची (तापमान मोजायच्या दोन धातूंच्या तारांच्या जोडीची) चूक सुमारे २ अंश सेल्सिअस असू शकते. दोन वेगळ्या थर्मोकपलांत १ अंशाचा फरक दिसला तर तो शोध नव्हे.
- एकदाच मोजून आलेख काढणं. किमान तीनदा मोजा, आणि तिन्ही आकडे ठेवा. न आवडलेला खोडू नका.
- वहीत एकक, तारीख, उपकरणाचा क्रमांक न लिहिणं. महिन्याभराने '४.२' म्हणजे व्होल्ट की मिलिव्होल्ट, कोण सांगणार?

सिम्युलेशनचं, म्हणजे संगणकावर प्रयोगाची नक्कल करायचं, सॉफ्टवेअर सध्या राहू द्या. आधी कागदावर ढोबळ उत्तर काढता यायला हवं, नाहीतर पडद्यावरचं रंगीत चित्र दहापट चुकलेलं असलं तरी खरं वाटतं.