वाचकांचे प्रश्न : शेतावरचा कंटेनर आणि आतला ओलावा

प्रश्न : अवजारे, रिकामी पोती आणि पंपाचे सुटे भाग ठेवण्यासाठी मी गेल्या वर्षी शेतावर जुना २० फुटी कंटेनर आणला. पत्र्याला कुठेही भोक नाही आणि दार घट्ट बसते, तरीही थंडीच्या दिवसांत आतल्या वस्तू ओल्या होतात, पोत्यांना बुरशी धरते. गळती शोधून दमलो. काय करावे?

उत्तर : गळती सापडत नाही, कारण ती नाहीच. आपल्या पोत्यांवर पडते ते पाणी बाहेरचे नसून कंटेनरमध्येच कोंडलेले आहे. पोलादी पत्रा दिवसा तापतो आणि सूर्य मावळल्यावर झपाट्याने निवतो. आतल्या हवेतले बाष्प मग त्या गार पत्र्याला लागून दवासारखे जमते आणि थेंबाथेंबाने खाली पडते. ३० अंश सेल्सिअसला संपृक्त, म्हणजे आणखी बाष्प मावणार नाही इतक्या दमट, असलेल्या एक घनमीटर हवेत सुमारे ३० ग्रॅम बाष्प असते; तीच हवा १५ अंशांपर्यंत निवली की तिच्यात जेमतेम १३ ग्रॅम मावते. २० फुटी कंटेनरच्या आत साधारण ३३ घनमीटर हवा असते, म्हणजे हवा इतकी दमट असेल तर एका रात्रीत अर्ध्या लिटरहून अधिक पाणी छताला लोंबू शकते. शिवाय पोती, लाकूड आणि खालची ओली जमीन हवेला पुन्हा ओलावा पुरवत राहतात.

खात्री करायची असेल तर पहाटे, ऊन येण्यापूर्वी, टॉर्च घेऊन आत जावे. मी असे एकदा पाहिले आहे : छताच्या प्रत्येक वळीच्या खालच्या कडेला थेंबांची सरळ रांग लागलेली होती आणि नेमक्या त्याच अंतराने खालच्या पोत्यांवर ओल्या रेघा उमटल्या होत्या. भोकातून गळणारे पाणी एका जागी डाग पाडते, त्याच्या अशा समांतर रेघा उमटत नाहीत.

पहिला उपाय वायुवीजनाचा. कंटेनरला भिंतीच्या वरच्या बाजूस मुळात असलेली बारीक छिद्रे प्रवासापुरती असतात आणि साठवणीला ती अपुरी पडतात. समोरासमोरच्या दोन टोकांना, एक जमिनीलगत आणि दुसरी छतालगत, अशा दोन झडपा बसवाव्यात, म्हणजे गार हवा खालून शिरेल आणि उबदार दमट हवा वरून निघून जाईल. झडपांना पावसाचे पाणी अडवणाऱ्या तिरक्या पट्ट्या आणि उंदीर रोखणारी बारीक जाळी हवीच. पत्रा कापल्यावर उघडी पडलेली कड त्याच दिवशी प्राइमर लावून झाकावी, कारण गंजाची सुरुवात तिथूनच होते. दुसरा उपाय सावलीचा : कंटेनरच्या वर हातभर अंतर सोडून साधे पत्र्याचे छप्पर उभारले, तर दिवसाचे तापणे आणि रात्रीचे निवणे दोन्ही कमी होतात. खर्च परवडत असेल, तर माझ्या मते या छपराइतका फायदा दुसऱ्या कशाचाही नाही. ओलावा शोषणाऱ्या कॅल्शियम क्लोराइडच्या पिशव्या बंद पेट्यांमध्ये जरूर ठेवाव्यात, पण सतत उघडबंद होणाऱ्या कंटेनरची ओल त्यांच्या भरवशावर सोडू नये. माल भिंतीपासून वीतभर दूर, लाकडी फळ्यांच्या चौकटीवर ठेवावा, आणि ओली पोती किंवा नुकतीच धुतलेली अवजारे वाळल्याशिवाय आत नेऊ नयेत.

प्रश्न : कंटेनर घेण्याचा विचार आहे. घेण्यापूर्वी काय तपासावे आणि पाया कसा करावा?

उत्तर : सोबत्याला बाहेर थांबवून आपण आत उभे राहावे आणि दारे लावून घ्यायला सांगावे. अंधारात सुईएवढे भोकही चांदणीसारखे दिसते. त्यानंतर दाराची रबरी पट्टी, बिजागऱ्या आणि तळाचे आडवे गज पाहावेत. गंज बहुधा तिथेच आधी लागतो. कंटेनरचे पोलाद हवेत टिकणाऱ्या जातीचे असले तरी सतत पाणी साचून राहिले की तेही गंजते. वास घ्यायला विसरू नये. कंटेनरच्या तळाचे प्लायवुड साधारण २८ मिलिमीटर जाडीचे असते आणि त्यावर बहुधा कीटकनाशकाची प्रक्रिया केलेली असते. कोणती, हे दारावरच्या सुरक्षा पाटीवर लिहिलेले सापडते. पूर्वी आत कोणता माल नेला हे कळत नसेल, तर अशा तळावर धान्य किंवा चारा थेट ठेवू नये.

पायाबाबत एक गोष्ट नीट समजून घ्यावी : कंटेनर आपला सगळा भार चार कोपऱ्यांवर पेलतो. म्हणूनच जहाजावर भरलेल्या कंटेनरांची सात-आठ थरांची उतरंड रचता येते. त्यामुळे सगळ्या लांबीरुंदीचा काँक्रीटचा चौथरा आवश्यक नाही. चार कोपऱ्यांखाली काँक्रीटचे ठोकळे किंवा रेल्वेचे जुने स्लीपर, खाली घट्ट धुमसलेली खडी आणि जमिनीपासून वीतभर उंची एवढे पुरते. मात्र चारही ठोकळे पाणसळीने तपासावेत. एक कोपरा थोडा खाली गेला तरी चौकट तिरकी होऊन दारे अडतात, आणि मग लोक हातोड्याने अडसर ठोकत बसतात. रिकामा २० फुटी कंटेनरही सव्वादोन टनांच्या आसपास भरतो, ४० फुटी पावणेचार टनांच्या घरात जातो. म्हणून ट्रेलरला सरळ आत येण्याइतकी वाट आणि क्रेनला उभे राहण्याइतकी कठीण जमीन आहे का, हे खरेदीपूर्वीच पाहावे. वाहतूक आणि क्रेन यांचा खर्च धरल्याशिवाय कंटेनर बांधीव खोलीपेक्षा स्वस्त पडतो असे म्हणता येत नाही.

प्रश्न : उन्हापासून बचाव म्हणून तो जमिनीत पुरला, तर चालेल का?

उत्तर : नाही. कोपऱ्यांचे खांब भक्कम असले तरी भिंतींचा पत्रा दोन मिलिमीटरच्या आसपास जाडीचा असतो. ओल्या मातीचा बाजूचा दाब त्याला आत ढकलतो. छतही मातीचा थर पेलण्यासाठी बनवलेले नसते.

प्रश्न : डिझेल, कीटकनाशके आणि खते एकाच कंटेनरमध्ये ठेवता येतील का?

उत्तर : एकत्र ठेवू नयेत. बंद पोलादी पेटीत इंधनाची वाफ कोंडते आणि बटणाची ठिणगीही पुरते. कीटकनाशकांचा वास पोत्यांना, चाऱ्याला लागतो. इंधन वेगळ्या, हवेशीर जागी असावे आणि खतांजवळ तर नकोच. यासोबत न विचारलेली एक गोष्ट सांगतो : नेहमीच्या कंटेनरचे दार आतून उघडत नाही. शेतावर मुले असतात, खेळताना आत शिरतात आणि बाहेरून कोणीतरी अडसर सरकवतो. तेव्हा वापर नसेल तेव्हा कुलूप, आत काम करताना दार साखळीने उघडे बांधलेले, आणि कुलूप लावण्यापूर्वी मोठ्याने हाक मारून आत डोकावणे, एवढी शिस्त घरातल्या प्रत्येकाला लावावी.