नावं ठिपक्यांवर का चढतात?

प्रश्न : मी पायथनमध्ये मॅटप्लॉटलिब वापरून आलेख काढते. ठिपक्याजवळ नाव यावं म्हणून त्याच्या उभ्या किमतीत ०.५ मिळवून तिथे मजकूर टाकते. एका आलेखात ते छान बसतं, दुसऱ्यात ठिपक्यावरच चढतं. खालच्या अक्षावरची लांब नावंही एकमेकांत घुसतात आणि चित्र सेव्ह केलं की कापली जातात. काय करू?

उत्तर : अडचण त्या ०.५ मध्ये आहे. ते अंतर तुम्ही आकडेवारीच्या मापात दिलंय. अक्ष ० ते १० असेल तर ते उंचीचा विसावा हिस्सा भरतं. अक्ष ० ते १००० झाला की दिसतसुद्धा नाही. लॉग अक्षावर (जिथे समान अंतरावर किंमत दसपट होत जाते) तर खालची नावं लांब पळतात आणि वरची चिकटून बसतात. ही फट वाचणाऱ्याच्या डोळ्यांसाठी असते, म्हणून ती पॉइंटमध्येच द्यावी. ७२ पॉइंट म्हणजे एक इंच. अक्षरांचा आकारही आपण याच मापात देतो.

'टेक्स्ट'ऐवजी 'अ‍ॅनोटेट' वापरा. 'एक्सवाय'ला ठिपक्याची जागा, 'एक्सवायटेक्स्ट'ला (५, ३) आणि 'टेक्स्टकोऑर्ड्स'ला 'ऑफसेट पॉइंट्स' द्या. मग अक्ष कितीही ताणा, फट तेवढीच राहते. मात्र ठिपक्याचा आकार लक्षात घ्या. ठिपके काढणाऱ्या 'स्कॅटर'मधला 'एस' (आकार) हा पॉइंटमधल्या व्यासाचा वर्ग असतो. ३६ दिलेत तर त्रिज्या ३ पॉइंट, म्हणून ५ पुरतात. १४४ दिलेत तर त्रिज्याच ६ होते. तिथे ८-९ तरी हवेत.

उजव्या कडेजवळच्या नावांना 'एचए'मध्ये (मजकुराची आडवी बाजू ठरवणारा पर्याय) 'राइट' आणि आडवं अंतर उणे ५ द्या. 'राइट' म्हणजे मजकुराची उजवी कड त्या जागेवर टेकते, म्हणून नाव डावीकडे जातं. इथे पुष्कळांचा गोंधळ होतो. स्तंभांवर आकडे हवे असतील तर आवृत्ती ३.४ पासून 'बार_लेबल' आहे. त्याचं 'पॅडिंग'ही पॉइंटमध्येच.

ठिपक्यांची दाटी असेल तर 'अ‍ॅडजस्टटेक्स्ट' हे पॅकेज नावं आपोआप बाजूला सारतं. आर या दुसऱ्या भाषेत हेच काम 'जीजीरिपेल' करतं. पण माझं आग्रहाचं सांगणं असं की आधी नावं कमी करा. ज्या चार-पाच ठिपक्यांबद्दल तुम्हाला काही म्हणायचंय, तेवढ्यांनाच नावं पुरेत.

अक्षावरच्या लांब नावांसाठी 'बारएच' घेऊन स्तंभ आडवे करा, मान वाकडी न करता वाचता येतात. तिरकीच हवी असतील तर 'रोटेशन' ४५, 'एचए' 'राइट' आणि 'रोटेशन_मोड' 'अँकर' असं द्या. तिसरं विसरलात तर नावाचं टोक आपल्या खुणेखाली नेमकं येत नाही.

कापलं जाण्यावर 'सबप्लॉट्स'मध्ये 'लेआउट'ला 'कन्स्ट्रेन्ड' द्या. सेव्ह करताना 'बीबॉक्स_इंचेस'ला 'टाइट' दिलं तरी नावं कापली जात नाहीत, पण चित्राची लांबीरुंदी बदलते. छपाईसाठी ठरावीक मापाचं चित्र हवं असेल तर ते टाळा. 'फिगसाइझ' (चित्राचं माप) मात्र सगळ्यात आधी ठरवा, कारण नंतर ते वाढवलंत तरी अक्षरं तेवढीच राहतात आणि सगळी जुळवाजुळव पुन्हा करावी लागते.